आरेखकांची शिस्त : दोष कोणाचा, उपाय कोणता?

स्मरणिकेसाठी आपल्या व्यवसायातील एखाद्या उपयुक्त विषयावर लिहावे, अशी सूचना संस्थेच्या चिटणिसांनी केली, तेव्हा प्रथम आम्हांस संकोचच वाटला. आमचे सारे आयुष्य कारखान्यांच्या आरेखन-विभागात, म्हणजे ज्याला आपण बोलताना ‘ड्रॉइंग ऑफिस’ म्हणतो तेथे गेले. त्या खोलीतल्या गोष्टी घरच्या मंडळींना कितपत रुचतील, अशी शंका आली. परंतु आज आपल्या सभासदांच्या घरांकडे पाहिले, तर बेळगावात काय आणि निपाणीत काय, पुष्कळ घरांतून एखादा मुलगा अथवा मुलगी ‘कॅड’ शिकत आहे, संगणकावर आरेखन करीत आहे किंवा तसे काम करणाऱ्यांवर देखरेख करीत आहे. शिवाय ज्यांचा छोटा कारखाना आहे, त्यांना तर हा विषय रोजचाच. म्हणून ‘ऑफिसने ठरविलेले आरेखनाचे नियम आरेखक पाळीत नाहीत, तेव्हा काय करावे?’ हा एकच प्रश्न घेऊन त्याचा विचार करण्याचे योजिले आहे. यात आमचा स्वतःचा एक धडाही आहे. तो फार मानाचा नाही, तरी सांगितला पाहिजे.

बेळगाव आणि आरेखन

आरेखनाचे आणि या गावाचे नाते जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, पण काही रंग त्यांना नीट ओळखू येत नाहीत असे आढळले आणि चित्रकला सोडावी लागली. रंग गेले, तरी रेघ त्यांच्या हाती राहिली. त्यांनी यांत्रिक आरेखन शिकून घेतले आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्याच विषयाचे ते साहाय्यक शिक्षक झाले. पुढे बंधू रामुअण्णा यांच्यासह त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालविले. नंतर कडबा कापण्याचे यंत्र व लोखंडी नांगर तयार केला. बेळगावची जागा सोडणे भाग पडल्यावर १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली.

नांगराचा फाळ झिजतो. तो बदलताना नवा फाळ त्याच जागी, त्याच भोकांत बसला पाहिजे. शेतकऱ्याला कारखान्यात येऊन तो घासून बसवून घेणे शक्य नसते. म्हणजे आज केलेला फाळ व पाच वर्षांनी केलेला फाळ सारखाच निघावा लागतो. हे केवळ कारागिराच्या हातावर सोपवून होत नाही. त्याला आरेखन लागते, आणि ते आरेखन ठरलेल्या रीतीनेच काढलेले असावे लागते. आरेखनातील नियमाचे मूळ असे साधे आहे.

आज उद्यमबागेत ओतकामाचे कारखाने आहेत, हायड्रॉलिक पंप व व्हॉल्व्ह तयार होतात, हत्तरगीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानांचे सुटे भाग बनतात. निपाणीवरून पुढे गेले की कागल, गोकुळ शिरगाव, शिरोली. एकच आरेखन या पट्ट्यात कितीतरी हातांतून जाते. पॅटर्न करणारा मिस्त्री मराठी बोलणारा, साच्यात ओतणारा गोकाककडचा कन्नड बोलणारा, मशिनवरचा उर्दू बोलणारा. तिघांची भाषा वेगळी, पण रेघ तिघेही सारखीच वाचतात. आपल्या सीमाभागात आरेखन ही अशी सर्वांची मिळून एक भाषा झाली आहे. भाषा म्हटली की तिला व्याकरण आलेच.

हे व्याकरण म्हणजे काय?

ज्यांचा या कामाशी संबंध नाही अशा वाचकांसाठी दोन शब्द सांगतो. पूर्वी आरेखन कागदावर शिसपेन्सिलीने व मग ट्रेसिंगवर शाईने होत असे. १९८२ साली ‘ऑटोकॅड’ निघाले आणि पुढे हळूहळू फलक, टी-स्क्वेअर व शाईची पेने मागे पडली. संगणकावर आरेखन करताना ते अनेक थरांत काढतात. या थरालाच ‘लेअर’ म्हणतात. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसे हे असते. एका थरावर वस्तूची बाह्यरेषा, दुसऱ्यावर मध्यरेषा, तिसऱ्यावर मापे, चौथ्यावर मजकूर. हवा तो थर दिसू द्यावा, नको तो झाकावा. कोणत्या थराचे नाव काय, रेघेची जाडी किती, अक्षराची उंची किती, फाइलीला नाव कसे द्यावे, आरेखनात बदल झाला तर त्याची नोंद कोठे करावी, हे सारे ठरविणे म्हणजे ऑफिसचे ‘कॅड स्टँडर्ड’. घरातील मसाल्याच्या डब्यांवर चिठ्ठ्या लावून ठेवाव्यात आणि पाहुण्या आलेल्या वहिनींनाही हिंग चटकन सापडावा, इतकी साधी ही गोष्ट आहे.

काही नियम ऑफिसचे असतात, काही देशाचे. १९४७ साली स्थापन झालेली भारतीय मानक संस्था आज भारतीय मानक ब्यूरो या नावाने चालते. शाळा-महाविद्यालयांतील आरेखनासाठी तिने १९८८ साली ‘एसपी ४६’ ही पुस्तिका काढली. तीत ‘फर्स्ट अँगल’ पद्धती सांगितली आहे. या पद्धतीत वस्तूकडे डावीकडून पाहिलेले दृश्य उजव्या बाजूस काढतात. अमेरिकन ‘थर्ड अँगल’ पद्धतीत तेच दृश्य डाव्या बाजूस येते. कोणती पद्धत वापरली आहे ते सांगण्यासाठी कापलेल्या शंकूची दोन दृश्ये असलेली एक लहानशी खूण आरेखनाच्या कोपऱ्यात करावयाची असते. नखाएवढी खूण! पण ती राहिली आणि अमेरिकन गिऱ्हाइकाचे आरेखन आपल्या पद्धतीने वाचले गेले, तर डावीकडची बरगडी उजवीकडे जाते, पॅटर्न उलटा होतो, आणि उलट्या पॅटर्नवरून शंभर नग ओतले तरी शंभरही उलटेच निघतात.

आमची चूक

आता आमची हकिगत सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही एका कारखान्याचा आरेखन-विभाग सांभाळीत होतो. हाताखाली पाच आरेखक. ऑफिसची नियमावली चाळीस पानांची, चांगली बांधणी केलेली आणि कपाटात कुलपाआड. पाचांपैकी एक मुलगी निपाणीकडची, कामाला चलाख. तिचे काम भराभर होई, पण थर पाहावेत तर सगळा गोंधळ. काही रेघा मूळच्या शून्य क्रमांकाच्या थरावर, काही तिने स्वतःच नावे दिलेल्या थरांवर. आम्ही तिला दोनदा सर्वांदेखत बोललो. “नियम वाचता येत नाहीत का?” असेही म्हणालो. ती खाली मान घालून गप्प राहिली.

एके दिवशी संध्याकाळी पंपाच्या बैठकीच्या पत्र्यातील दोन भोकांमधले अंतर १७५ ऐवजी १८० मिलिमीटर करण्याचा निरोप आला. सारे घरी गेले होते. आम्ही स्वतः फाइल उघडली. भोक सरकवून नीट माप घेण्याऐवजी १७५ या आकड्यावर १८० असा नुसता आकडा टंकला आणि फाइल पत्रा कापणाऱ्याकडे धाडली. जुन्या काळी हे चालून गेले असते. कारण कागदावरच्या आरेखनाखाली ‘मोजून माप घेऊ नये, लिहिलेले माप धरावे’ अशी सूचनाच असे. फिटर आकडा वाची, रेघेवर पट्टी लावीत नसे. आमचे एक जुने मिस्त्री नेहमी म्हणत, “रेघ कशी का असंना, आकडा बरोबर आहे न्हवं?” पण पत्रा कापणारे लेसर मशीन आकडा वाचीत नाही. ते रेघच वाचते. रेघ होती १७५ ची. बारा मिलिमीटर जाडीचे चोवीस पत्रे कापून आले आणि एकाही पत्र्यावर पंप बसेना.

आरेखनाच्या कोपऱ्यातील चौकटीत त्या मुलीची आद्याक्षरे होती. साहजिकच सर्वांची दृष्टी तिच्याकडे वळली. खरे सांगावयाचे तर क्षणभर आमचीही वळली. बदलाच्या रकान्यात काहीच नोंद नव्हती, कारण ती आम्हीच केली नव्हती. तेव्हा विभागातील सर्वांत वयस्कर तपासनिसांनी ती फाइल उघडली, त्या आकड्यावर टिचकी मारली आणि खरे माप व टंकलेले माप निराळे आहे हे दाखविले. मग फाइल शेवटी जतन झाल्याची वेळ त्यांनी वाचली : रात्रीचे सव्वाआठ. ते काही बोलले नाहीत. बोलण्याची गरजही नव्हती. त्या वेळी ऑफिसात आम्हीच होतो, हे सर्वांना ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाचांनाही बोलावून ‘चूक आमची’ असे सांगितले आणि त्या मुलीची क्षमा मागितली. मग तिला शांतपणे विचारले, “बाई, थरांचे नियम तुम्ही पाळीत नाही, ते का?” ती म्हणाली, “सर, नवीन कोरी फाइल घेतली की सगळे थर एकेक करून तयार करावे लागतात. पाऊण तास त्यातच जातो. आणि संध्याकाळी तुम्ही विचारता, किती ड्रॉइंगं झाली? म्हणून मी जुनीच फाइल उघडून तिच्यावर काढते. आणि ओतीव मालाची रेघ वेगळी दाखवायला तुमच्या यादीत थरच नाही की!”

तिचे म्हणणे खरे होते. ओतीव भाग मशिनवर घासून नेमका करावयाचा असेल, तर ओतताना तो थोडा जाड ठेवावा लागतो. शिवाय बिडाचे लोखंड थंड होताना मीटरमागे सुमारे दहा मिलिमीटर आकसते, म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. तेव्हा तयार भागाची रेघ आणि ओतीव भागाची रेघ या दोन्ही एकाच आरेखनात वेगळ्या दिसणे बेळगावसारख्या ओतकामाच्या गावी अगदी अगत्याचे असते. आमची नियमावली कोठून तरी उतरवून घेतलेली होती. तीत या गोष्टीला जागाच नव्हती. त्या मुलीने आपल्या सोयीने जागा केली होती. जिला आम्ही बेशिस्त म्हणत होतो, ती एका अर्थाने नियमावलीतील उणीव भरून काढीत होती.

नियम का मोडतात?

त्या दिवसापासून आम्ही या गोष्टीकडे निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. पुढे जे पाहिले त्यावरून नियम मोडणाऱ्यांचे चार वर्ग आम्हांस दिसतात.

पहिला वर्ग, नियम ठाऊकच नसलेल्यांचा. नियमावली कपाटात असेल तर दोष कपाटाच्या किल्लीचा. दुसरा, नियम ठाऊक आहे पण तो पाळणे वेळखाऊ आहे अशांचा. वरिष्ठ जर रोज आरेखनांची संख्याच मोजीत असतील, तर शहाणा माणूस संख्याच वाढवील. तिसरा वर्ग, ज्यांना नियम चुकीचा अथवा अपुरा वाटतो त्यांचा. यांत बहुधा कामातले जाणकार असतात. चौथा वर्ग, सारे समजून, सोय करून देऊनही ‘माझे मी पाहीन’ म्हणणाऱ्यांचा. हा वर्ग लहान असतो. परंतु गंमत अशी की आपण सारे उपाय या चौथ्या वर्गासाठी योजतो आणि ते पहिल्या तीन वर्गांवर चालवितो. दटावणी, नोटीस, दंड यांनी अज्ञान जात नाही, वेळ वाचत नाही आणि चुकीचा नियम बरोबर होत नाही.

नियम न जुळल्याने काय होऊ शकते याचे मोठे उदाहरण आपल्याला अगदीच परके नाही. ज्या एअरबस कंपनीच्या विमानांचे काही भाग हत्तरगीत होतात, तिच्याच ए-३८० या प्रचंड विमानाची ही गोष्ट आहे. एकेका विमानात सुमारे पाचशेतीस किलोमीटर लांबीच्या तारा. जर्मनीतील हॅम्बुर्गचे आरेखक ‘कॅटिया’ या प्रणालीची चौथी आवृत्ती वापरीत आणि फ्रान्समधील तुलूझचे आरेखक पाचवी. दोन्हींची माहिती एकमेकींशी नीट जुळेना. हॅम्बुर्गहून तारांचे जुडगे आले ते विमानात बसविताना आखूड पडू लागले. २००६ साली विमाने देण्यास मोठा विलंब होणार असे जाहीर झाले, मूळ कंपनीच्या भागांची किंमत एका दिवसात सुमारे चतुर्थांशाने घसरली आणि दोन प्रमुख अधिकाऱ्यांना पदे सोडावी लागली. येथे कोणी एक आरेखक आळशी नव्हता. प्रत्येक जण आपापल्या जागी मन लावूनच काम करीत होता. सर्वांची रीत एक करण्याचे काम वरिष्ठांचे होते, आणि नेमके तेच राहून गेले.

आम्ही योजिलेले उपाय

आता पुढे आम्ही काय केले ते क्रमाने सांगतो. हे उपाय पाच माणसांच्या ऑफिसात करून पाहिलेले आहेत. लहान कारखान्यालाही ते परवडतात.

१. नियमांची चाळणी. चाळीस पानांचे नियम आम्ही तीन ढिगांत वाटले. जो नियम मोडल्यास माल फुकट जातो तो पहिल्या ढिगात : आरेखन खऱ्या मापातच काढणे, आकडा वरून न टंकणे, एकक व दृश्यपद्धतीची खूण दाखविणे, बदलाची नोंद करणे. जो मोडल्यास पुढच्या माणसाला त्रास होतो तो दुसऱ्या ढिगात : थर, फाइलीचे नाव, अक्षराची उंची. तिसऱ्या ढिगात नुसत्या आवडीनिवडी, जसे पडद्यावर मध्यरेषेचा रंग तांबडा की हिरवा. तिसरा ढीग आम्ही सरळ टाकून दिला. उरलेले नियम एका पानात मावले. ते पान प्रत्येकाच्या टेबलासमोर भिंतीवर लावले, आणि प्रत्येक नियमापुढे एका ओळीत त्याचे कारण लिहिले. कारण कळले की नियम परका राहत नाही.

२. सरळ वाट हीच सोपी वाट. सर्व थर, मापांची रीत, अक्षरे व कोपऱ्यातील चौकट आधीच भरलेली अशी एक मूळ फाइल तयार केली. ऑटोकॅडमध्ये हिला ‘टेम्प्लेट’ म्हणतात. नवे आरेखन सुरू केले की हीच उघडावी अशी व्यवस्था सर्व संगणकांवर केली. बोल्ट, नट, बेअरिंग अशा नेहमीच्या आकृत्यांचा संग्रह एका जागी ठेवला. जे काम पाऊण तासाचे होते ते क्षणाचे झाले. आमचा अनुभव असा की, या एका उपायाने जेवढी शिस्त आली तेवढी आधीच्या साऱ्या दटावणीने आली नव्हती.

३. दाराशी तपासणी. कोणतेही आरेखन, ते कोणीही काढलेले असो, दुसऱ्याने तपासून सही केल्याशिवाय ऑफिसबाहेर जाणार नाही असे ठरविले. ठरलेल्या नमुन्याशी थर व अक्षरशैली ताडून पाहणारी सोय ऑटोकॅडमध्येच आहे. नावे-निशाण्यांचे काम यंत्राकडे दिले, आणि माणसाने मापे व अर्थ पाहावा असे केले. ‘कोणीही’ या शब्दात आम्हीही आलो. पहिल्याच आठवड्यात आमचे एक आरेखन बदलाची नोंद नाही म्हणून परत आले. ते त्या मुलीनेच परत केले होते. आम्हांस आनंद झाला असे म्हटल्यास ते पूर्ण खरे होणार नाही, पण विभागात त्या दिवसापासून नियमाला मान आला हे खरे.

४. मोजणी बदलली. ‘आज किती झाली?’ हा प्रश्न बंद केला. त्याऐवजी ‘कारखान्यातून किती परत आली?’ हे महिन्याच्या शेवटी पाहू लागलो. जुन्या फाइली सुधारण्यासाठी शनिवारची दुपार राखून ठेवली. जी फाइल पुन्हा कामाला लागेल तीच सुधारावी, बाकीच्या उकरू नयेत, असेही सांगितले. नाहीतर नवी शिस्त म्हणजे जुन्या ढिगाऱ्याची शिक्षा, असे वाटू लागते.

५. एकट्याशी बोलणे. चूक सर्वांदेखत काढली की माणूस चूक लपविण्यास शिकतो. म्हणून बोलणे खोलीत, दार लावून, आणि फाइल समोर उघडून. ‘तुम्ही बेशिस्त आहात’ असे न म्हणता ‘ही रेघ या थरावर गेल्याने मशिनवाल्याला ती दिसली नाही’ असे म्हणावे. शक्य तर आरेखकाला फौंड्रीत नेऊन तो पॅटर्न दाखवावा. मिस्त्रींच्या तोंडून ‘ताई, ही रेघ कळंना बघा’ हे एकदा ऐकले की नियमावलीच्या दहा पानांचे काम होते.

६. शेवटचा उपाय. एवढे सारे करूनही जो ऐकत नाही त्याच्याबाबतीत मात्र कच खाऊ नये. आमच्या पाचांत एक गृहस्थ कामात सर्वांत निष्णात, पण ‘मी वीस वर्षे असेच काढीत आलो’ म्हणणारे होते. त्यांना अप्पा म्हणत. आम्ही दोनदा बोललो, तिसऱ्यांदा लेखी दिले आणि त्यांची आरेखने तपासून पुरी होईपर्यंत पुढे जाणार नाहीत हे निश्चित केले. काम अडू लागले, तेव्हा मालकांचाही निरोप आला की अप्पांचे जाऊ द्या. आम्ही नम्रपणे पण स्पष्ट सांगितले की, अप्पांना सूट दिली तर उद्या चारही जणांना द्यावी लागेल. पुढे नव्या मुलांना दृश्ये वाचण्यास शिकविण्याचे काम अप्पांकडेच सोपविले. शिकविणाऱ्याला नियम मोडणे अवघड जाते. हळूहळू ते वळणावर आले. सर्वांच्याच बाबतीत असे गोड होईल असे नाही. कधी माणसाला दुसरे काम द्यावे लागते. पण तो निर्णय सर्व सोय करून दिल्यानंतरचा असावा, आधीचा नव्हे.

नियम बदलण्याचाही नियम हवा

त्या मुलीने सुचविलेला ओतीव रेघेचा थर आम्ही नियमात घेतला आणि तारीख घालून नवे पान भिंतीवर लावले. सूचना लिहिण्यासाठी एक वही ठेवली. दर तीन महिन्यांनी ती सर्वांसमक्ष वाचावयाची, सूचना मान्य झाली तर केव्हापासून हे ठरवावयाचे, आणि नाकारली तर का तेही लिहावयाचे. मधल्या काळात मात्र कोणी आपल्या मनाने बदल करावयाचा नाही.

तारीख ठरवून बदल करण्याची रीत या देशाने मोठ्या प्रमाणावर आचरून दाखविली आहे. आपल्यातील वडीलधाऱ्यांना शेर-मण व आणे-पै आठवत असतील. मणसुद्धा सर्वत्र सारखा नव्हता. मुंबईचा मण सुमारे पावणेतेरा किलोंचा, तर बंगाली मण सव्वासदतीस किलोंहून थोडा अधिक. निपाणीसारख्या तंबाखूच्या पेठेत वजनाचे मोल काय, हे सांगावयास नको. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. आण्याचे सव्वासहा नवे पैसे हा हिशेब काही सोपा नव्हता. पण तारीख ठरलेली होती, कोष्टके छापलेली होती, आणि काही काळ जुनी व नवी दोन्ही नाणी चालू ठेवलेली होती. १९५६ च्या कायद्याने किलोग्रॅम व मीटरही असेच टप्प्याटप्प्याने, १९५८ पासून, आले. १९६४ साली ‘नवा पैसा’ मधील ‘नवा’ हा शब्दही गळून पडला. नियम अंगवळणी पडला की त्याचे नवेपण असे आपोआप जाते. एवढ्या मोठ्या देशाला जर हे साधले, तर पाच माणसांच्या ऑफिसला न साधावयास कारण नाही.

सारांश

विषयाचा निष्कर्ष थोडक्यात सांगावयाचा तर असा : आरेखक नियम पाळीत नाहीत असे दिसले की वरिष्ठाने प्रथम चार प्रश्न स्वतःला विचारावेत. नियम त्यांच्यापर्यंत पोहोचला आहे काय? तो पाळण्याची सोय मी करून दिली आहे काय? तो नियम खरोखर आवश्यक व पुरेसा आहे काय? आणि मी स्वतः तो पाळतो काय? या चारही प्रश्नांचे उत्तर ‘होय’ असे मनापासून देता आले, तरच माणसाला दोष द्यावा, आणि मग तो देताना डगमगू नये.

आमच्या तरुण मित्रांना व मुलींनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. तुमचे आरेखन ज्याच्या हाती पडणार त्याला तुम्ही बहुधा कधी पाहणारही नाही. तो उद्यमबागेतला पॅटर्नवाला असेल, शिरोलीचा मशिनवाला असेल, किंवा दहा वर्षांनी तुमच्याच खुर्चीवर बसणारा कोणी असेल. त्याला विचारावयास तुम्ही तेथे नसाल. तुमच्या जागी फक्त रेघ असेल. नियमाप्रमाणे काढलेली रेघ म्हणजे त्या न पाहिलेल्या माणसाशी दाखविलेले सौजन्य होय. नियम चुकीचा वाटला तर गप्प राहून तो मोडू नका. वहीत लिहा, बोला, भांडा. त्या मुलीला आम्ही पहिल्याच दिवशी नीट विचारले असते, किंवा तिला आधीच बोलण्याचे धैर्य आम्ही दिले असते, तर बरे झाले असते, असे आज वाटते.

त्या चोवीस पत्र्यांपैकी एक आम्ही भंगारात जाऊ दिला नाही. त्याच्यावर काच बसवून ऑफिसात टेबल केले. नव्या आरेखकाला पहिल्या दिवशी त्याच टेबलाशी बसवून नियमांचे ते एक पान देत असू. हा पत्रा कोणाच्या चुकीने कापला गेला असे तो विचारी, तेव्हा आम्ही ‘आमच्या’ असे सांगत असू. पुढचे नियम समजावून सांगणे मग फार सोपे जाई.